पडवीतल्या रोपांसाठी एलईडी ग्रो लाईट, पावसाळाभर वापरून लिहितेय

आमचं घर गुहागरजवळ, माडापोफळीच्या सावलीत, आणि जूनपासून आभाळ काही उघडत नाही, त्यामुळे गणपतीनंतर लावायची मिरची-वांग्याची रोपं पडवीत ट्रेमध्ये केली की दरवर्षी तेच, बी मस्त रुजायचं आणि आठ दिवसांत रोपं लांबुडकी, पिवळट होऊन माना टाकायची. यंदा २० वॅटचा क्लिपवाला ग्रो लाईट ऑनलाईन मागवला.

फरक जबरदस्त आहे! एकाच पुडीतलं मिरचीचं बी दोन ट्रेमध्ये पेरलं, एक लाईटखाली, एक नेहमीसारखा खिडकीशी. बाराव्या दिवशी खिडकीतलं रोप माझ्या बोटाएवढं उंच, पण उभं राहीना. लाईटखालचं त्याच्या निम्मं, देठ जाड, बुडाशी जांभळट झाक.

खत कमी पडलं म्हणून रोपं अशी लांबुडकी होतात असं वाटून युरिया टाकू नका हो. मोड आणलेले मूग डब्यात दोन दिवस जास्त राहिले तर कसे पांढरे लांब होतात आणि डोकं आकड्यासारखं वाकलेलं असतं, तसंच हे. उजेड नाही म्हणजे रोपाच्या लेखी ते अजून मातीखालीच, मग ऑक्झिन आणि गिबरेलिन ही हार्मोन्स देठाच्या पेशी लांबवत राहतात. रोपात उजेड ओळखणारी प्रथिनं असतात, त्यातल्या फायटोक्रोमला लाल आणि क्रिप्टोक्रोमला निळा उजेड मिळाला की या लांबण्याला ब्रेक लागतो. आपल्याकडे हापूसच्या कलमांना जुलै-ऑगस्टमध्ये कल्टार घालतात ना, त्यातलं पॅक्लोब्युट्राझॉल हेच गिबरेलिन बनू देत नाही, म्हणून पालवी आवरते आणि मोहोर लवकर येतो. रोपांना मात्र ते घालायचं नाही, त्यांचं काम उजेडानेच होतं.

आता महत्त्वाचं. या लाईटमध्ये ७३० नॅनोमीटर तरंगलांबीचे म्हणजे फार-रेडचे (लालच्याही पलीकडच्या उजेडाचे) चार एलईडी वेगळ्या बटणावर आहेत, डोळ्याला जेमतेम लालसर दिसतात. मी आठवडाभर सगळंच चालू ठेवलं तर वांग्याची रोपं परत उंच पळायला लागली. झाडाची पानं ६६० च्या आसपासचा लाल उजेड खाऊन टाकतात आणि फार-रेड खाली सोडतात, त्यामुळे फार-रेड वाढला की रोप समजतं आपल्यावर कोणाची तरी सावली आली, आणि वर धावतं. ते बटण रोपं लहान असताना बंदच ठेवा, पॅकिंगवर याबद्दल एक अक्षर नाही आणि याचा मला खरंच राग आला.

मी लाईट रोपांपासून एक वीत वर आणि दिवसाला १४ तास ठेवते, रोपं वाढली की लाईट वर सरकवायचा.

टायमर वाईट आहे. वीज गेली की सेटिंग पुसलं जातं, आणि पावसात आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. क्लिप खाऱ्या हवेने दोन महिन्यांत गंजली, आता सुतळीने वाशाला टांगलाय. तरी पाचपैकी चार देईन, पुढच्या जूनच्या आधी दुसरा घेणार आहे, फक्त टायमर वेगळा आणेन.