विमानाने आलेले मासे : पॅकिंगला पैकीच्या पैकी, कनेक्टिंग फ्लाईटला भोपळा

पॅसेंजर फ्लाईटने जिवंत मासे पाठवणारी एक सर्व्हिस नुकतीच वापरली तिचा हा रिव्ह्यू. नाव टाकत नाही, कारण यात पाठवणारे वेगळे, एअरलाईन वेगळी, मधल्या विमानतळावर बॉक्स सांभाळणारे अजून वेगळे, आणि नाव टाकलं की सगळे मिळून एकालाच धरतात. ऑर्डरमध्ये डिस्कसची पिल्लं, थोडे ब्रिसलनोज प्लेको आणि कोरीचा एक ग्रुप होता, तिन्ही घरच्या टाकीत पाळायचे शोभेचे मासे. डिस्कस आणि प्लेको सगळे जिवंत आले, कोरीतले काही गेले, आणि ते का गेले हेच मुख्य लिहायचंय.

आधी एक गैरसमज काढून टाका. बऱ्याच जणांना वाटतं विमानाच्या पोटात हवा नसते, मासे गारठून किंवा गुदमरून मरतात. तसं नसतं. खाली जिथे बॅगा आणि कार्गो ठेवतात तिथेही वरच्या केबिनइतकंच प्रेशर असतं. फक्त ते जमिनीवरच्यापेक्षा कमी असतं, जास्तीत जास्त ८००० फुटांवर असेल तेवढं, म्हणजे पिशवीतला ऑक्सिजन फुगून जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. म्हणून ज्याला हे काम कळतं तो पिशवी ढोलासारखी टम्म फुगवत नाही, बोटाने दाबली तर थोडी आत जाईल इतपत ठेवतो. माझ्या बॉक्समधल्या सगळ्या पिशव्या अशाच होत्या, ते बघूनच निम्मी काळजी गेली.

आता पॅकिंगबद्दल, आणि इथे मी मोकळेपणाने कौतुक करणार. प्रत्येक डिस्कस वेगळ्या पिशवीत, एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन. एका पिशवीवर दुसरी पिशवी उलटी चढवलेली, त्यामुळे खालचे कोपरे गोल होतात, आणि तरी जे कोपरे उरतात ते दुमडून चिकटपट्टी लावलेली. हे का करतात माहितीये का, लहान मासा कोपऱ्यात घुसतो, प्लास्टिकच्या घडीत अडकतो आणि तिथेच चेंगरतो, पिशवी फुटलेली नसते, पाणी चांगलं असतं, तरी मासा मेलेला. प्लेकोच्या दोन पिशव्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचे थर होते कारण त्यांचे काटे प्लास्टिक आरामात भोसकतात. या सगळ्या पिशव्या एका मोठ्या लायनरमध्ये, तो थर्माकोलच्या बॉक्समध्ये, बाहेरून पुठ्ठ्याचं खोकं, त्यावर जिवंत माशांचं लेबल आणि वरची बाजू दाखवणारे बाण. हीट पॅक झाकणाला आतून चिकटवलेला आणि मध्ये कागद, पिशवीला थेट टेकलेला नाही, आणि झाकणाला बारीक भोक, कारण त्या पॅकमधली लोखंडाची पूड हवा मिळाली तरच गरम होते, हवाबंद बॉक्समध्ये पॅक टाकून उपयोग शून्य. हे भोक विसरणारे लोक मी बघितलेत म्हणून मुद्दाम लिहितोय.

पाठवण्याआधी दोन दिवस मासे उपाशी ठेवणार हे त्यांनी आधीच कळवलं होतं. काही जणांना हे ऐकून वाईट वाटतं, पण पोट रिकामं असेल तर पिशवीत घाण कमी होते, घाण कमी तर माशांना विषारी असलेला अमोनिया कमी. त्याबाबतीत त्यांच्याशी वाद घालू नका प्लीज.

मग घोळ कुठे झाला? कनेक्टिंगमध्ये. पहिली फ्लाईट लेट झाली, दुसरी चुकली आणि बॉक्स रात्रभर मधल्या विमानतळावर पडून राहिला. ट्रॅकिंगवर फक्त 'रिसीव्हड' दिसत होतं, ना मला फोन ना पाठवणाऱ्यांना. उडताना मासे एका बंद, अंधाऱ्या, बऱ्यापैकी स्थिर जागेत असतात, त्यांची खरी परीक्षा जमिनीवर असते, ट्रॉलीवर, उघड्या दारापाशी, उन्हात नाहीतर थंडीत. बॉक्स हातात आला तेव्हा हीट पॅक दगडासारखा कडक आणि थंड होता, पिशव्याही हाताला गार लागत होत्या. जिवंत प्राण्यांच्या हवाई वाहतुकीसाठी आयाटाचे, म्हणजे एअरलाईन्सच्या जागतिक संघटनेचे, नियम आहेत, ते दरवर्षी नव्याने निघतात, डबा कसा हवा लेबल कसं हवं सगळं त्यात असतं, पण रात्रपाळीला बॉक्स जवळ उभ्या माणसाने लेबल वाचून तो उबेत नेला नाही तर नियमपुस्तक काय करणार.

कोरींच्या बाबतीत मात्र पॅकिंगवाल्यांनाही बोलावं लागेल. सगळ्या कोरी एकाच पिशवीत भरल्या होत्या. कोरी घाबरल्या की अंगातून विष सोडतात आणि बंद पिशवीत ते त्यांनाच मारतं. जाणकार लोक पॅक करायच्या आधी त्यांना बादलीत जरा हलवून घेतात, ते पाणी फेकतात आणि मग ताज्या पाण्यात पॅक करतात, तेही कमी कमी संख्येने. पिशवी उघडली तर पाण्यावर फेस होता आणि वास येत होता. डिस्कसच्या बाबतीत इतकी बारीक काळजी घेणाऱ्यांनी इथे हात आखडता घ्यायला नको होता.

बॉक्समध्ये एक छापील कागद होता, पिशवी उघडा आणि दोन तास ड्रिप करा म्हणून, म्हणजे टँकचं पाणी थेंब थेंब पिशवीच्या पाण्यात सोडत राहायचं. हे मला अजिबात पटलेलं नाही. मासा श्वास घेतो, कार्बन डायऑक्साईड साठतो, पाण्याचा पीएच खाली येतो म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं, आणि कमी पीएचला अमोनिया बराचसा अमोनियमच्या रूपात राहतो जे फारसं विषारी नसतं. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साईड उडून जातो, पीएच वर चढतो आणि तेच अमोनियम परत अमोनिया होतं. २५ डिग्रीला पीएच ७ वरून ८ वर गेला की विषारी भाग जवळपास दहापट होतो, विचार करा. मी पिशव्या बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगवल्या, फक्त तापमान जुळेपर्यंत, मग एकेक कापून मासा जाळीने उचलून सरळ क्वारंटाईन टँकमध्ये, म्हणजे नवे मासे आधी वेगळे ठेवायच्या टाकीत. त्या टँकचं पाणी आधीच पाठवणाऱ्यांना पीएच विचारून जुळवून ठेवलं होतं, लाईट बंद. पिशवीचं पाणी एक थेंब टँकमध्ये नाही. डिस्कस आले तेव्हा काळेकुट्ट होते आणि एका कुशीवर कलंडलेले, संध्याकाळपर्यंत सरळ झाले, दुसऱ्या दिवशी पट्टे फिकट होऊन मूळ रंग दिसायला लागला. तासभर प्रवास असेल तर ड्रिप खुशाल करा, पण दीड-दोन दिवस बंद असलेल्या पिशवीला हा कागद लागू होत नाही, त्यांनी तो बदलावा असं मी त्यांना कळवलंय.

खर्चाचं थोडक्यात. विमानात बॉक्सचं प्रत्यक्ष वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यातलं जे जास्त त्यावर भाडं लागतं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ६०००. म्हणजे ६० बाय ४० बाय ४० चा बॉक्स १६ किलोचा धरणार, आत चारच मासे असले तरी. त्यामुळे दोघातिघांनी मिळून मागवलं तरच परवडतं.

कोणी विचारेल की स्वतःच केबिनमधून का आणत नाही. अमेरिकेत टीएसए, म्हणजे तिथली विमानतळावर तपासणी करणारी सरकारी संस्था, पारदर्शक डब्यात पाण्यासकट जिवंत मासे सिक्युरिटीतून जाऊ देते, पण पुढे एअरलाईनचं वेगळं असतं, तिचं लेखी घ्या नाहीतर गेटवर पंचाईत. आणि शोभेच्या माशांचा धंदा मुळात पॅसेंजर विमानांच्या पोटातूनच चालतो, २०२० मध्ये ही विमानं बंद पडली तेव्हा जगभर एक्स्पोर्टर हात बांधून बसले होते.

क्लेमचा अनुभव चांगला. मेलेल्या माशाचा फोटो पिशवी न उघडता, बॉक्स मिळाल्यापासून दोन तासात मागतात, म्हणून खोकं कापतानाच व्हिडिओ चालू ठेवा. कोरींचे पैसे काही न कुरकुरता परत केले, भाडं मात्र त्यात धरलं नाही. पुढची ऑर्डर त्यांच्याकडेच दिलीये, यावेळी फक्त डायरेक्ट फ्लाईट, कोरी वेगवेगळ्या पिशव्यांत आणि माझा फोन नंबर बॉक्सच्या चारही बाजूंना, हे तिन्ही मेलवर कबूल करून घेतलंय.