एला फार्मची पिलं आणि काकींची खुडूक कोंबडी

गोव्यात माशेलला आमच्या घरामागे चार माड, एक फणस आणि जुना गोठा आहे. सासूबाई होत्या तोवर तिथे कायम कोंबड्या असायच्या. त्या गेल्यावर खुराडं रिकामं झालं. तीन वर्षांपूर्वी मी ते पुन्हा भरायचं ठरवलं आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून पक्षी आणून पाहिले. नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी आता एकच सांगते: पिलं जुन्या गोव्याच्या एला फार्मवरून आणा, आणि सोबत एक गावठी कोंबडी ओळखीच्या घरातली घ्या.

सुरुवात मी आठवडी बाजारातून केली. सुतळीने पाय बांधलेल्या पाच गावठी कोंबड्या, प्रत्येकी ६०० रुपये. विकणारा म्हणाला, "वहिनी, सगळ्या अंड्यावर आलेल्या आहेत." तुरे लाल होते, पिसं चकचकीत होती, मी घेतल्या. सहाव्या दिवशी एकीची मान वळली. हिरवट पातळ शीट, पंख लोंबलेले. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग. दहा दिवसांत चार गेल्या. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला काय चुकलं ते नीट समजावलं. बाजारातल्या एका पाटीत दहा घरच्या कोंबड्या एकत्र येतात. एक जरी रोग घेऊन आली तरी तो सगळ्यांना लागतो, आणि दिसायला पाच-सहा दिवस जातात. त्यामुळे विकत घेताना पक्षी अगदी धडधाकट वाटतो. आता मी कुठेही गेले तरी आधी लस विचारते, मग वय, आणि भाव शेवटी. उत्तर देताना विकणारा घुटमळला तर परत फिरते. मटणासाठी बाजारातली कोंबडी घ्या, हरकत नाही. खुराड्यात सोडायला नको.

जत्रेत मिळणारी गुलाबी-हिरवी पिलंही एकदा मुलाच्या हट्टाने घरी आली. अंड्यांच्या कोंबड्यांच्या हॅचरीत नर पिलांचा उपयोग नसतो, तीच रंगवून विकतात. आमची जगली ती दोन्ही कोंबडेच निघाली.

दिवाळीनंतर मी बाणस्तारीचा पूल ओलांडून एलाला गेले. तिथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्था आहे. आम्ही जुनी माणसं नुसतं 'एला फार्म' म्हणतो. आधी फोन करून विचारा, कारण पिलं काही दुकानातल्या मालासारखी रोज मांडून ठेवलेली नसतात. अंडं उबायला २१ दिवस लागतात, बॅच निघेल तेव्हा पिलं. मी बारा ग्रामप्रिया घेतली, एक दिवसाची. ही जात हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने खास परसासाठी तयार केली. वनराजा तिथलीच, पण ती अंगाने भरते, मांस आणि अंडी दोन्हींसाठी. मला अंडी हवी होती. ग्रामप्रियाची पिसं तपकिरी-मिश्र, पाचोळ्यात मिसळून जाणारी. आमच्याकडे घारी आणि मुंगसं फार, त्यामुळे पांढऱ्या पक्ष्यापेक्षा हा रंग बरा. एक ध्यानात ठेवा, एक दिवसाच्या पिलांत नर-मादी निवडून मिळत नाही. माझ्या बारांत सात माद्या निघाल्या. उरलेल्या पाच नरांची शाकुती झाली.

जाताना भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका आणि तळाला भाताचा तूस न्या, आणि सकाळी लवकर जा. घरी आल्यावर आधी गूळपाणी पाजा, मग भरडलेला मका किंवा स्टार्टर, म्हणजे पिलांचं तयार खाद्य.

पिलांना बल्ब लावून ऊब देतात, पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास लागते. आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून मला धास्ती होती. शेजारच्या काकी म्हणाल्या, "अगो, माझी कोंबडी खुडूक बसलीय, तिला घेऊन जा." खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसलेली. ती अठरा दिवस अंड्यांवर बसली होती. रात्री पूर्ण अंधारात मी तिच्याखालची अंडी एकेक काढली आणि एकेक पिलू सरकवलं. श्वास रोखून बाहेर उभी राहिले. आतून तिचा तो हळू घोगरा आवाज आला, पिलांना बोलावणारा. सकाळी बाराच्या बारा तिच्या पंखाखाली. ग्रामप्रिया स्वतः सहसा खुडूक बसत नाही, पण गावठी आईने वाढवलेली ही पिलं घार दिसली की माडाखालच्या झावळ्यांत शिरायला शिकली. माझ्या मते हे बल्बच्या कुठल्याही ब्रूडरला जमणार नाही.

मरेक्स या रोगाची लस पहिल्याच दिवशी टोचतात, ती झाली आहे का हे नेताना विचारून घ्या. पुढे पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लशीचा थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस, आठव्या आठवड्यात मानमोडीचं इंजेक्शन. लशीची बाटली शंभर-शंभर मात्रांची असते आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वाड्यावरच्या तीन घरांनी एकाच दिवशी पिलं आणली आणि बाटली वाटून घेतली. बर्फाच्या थर्मासमध्येच आणा.

पावसाळ्यात मात्र पिलं घेऊ नका. जून ते ऑगस्ट तूस सुकत नाही आणि रक्ती हगवण लागते. काकींनी जुलैत घेतलेल्या नऊंपैकी दोनच वाचली.

पहिलं अंडं एप्रिलच्या शेवटी मिळालं, फिकट तपकिरी, गोठ्याच्या कोपऱ्यात. आता सात माद्या मिळून दिवसाला चार-पाच अंडी. गावठी कोंबडी वर्षाला ६०-७० घालते, तिच्या मानाने हे खूपच. काकींची कोंबडी मी परत द्यायला गेले तर त्यांनी घेतली नाही. ती अजून आमच्याकडेच आहे आणि गेल्या आठवड्यापासून पुन्हा खुडूक बसलीय. मी एलाला फोन केला आहे.