घरहिशेबाचं सॉफ्टवेअर: ऊसबिल, भिशी आणि पतसंस्था कशात नीट बसतात?

घरच्या हिशेबासाठी कोणतं ॲप चांगलं, असं कुणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट विचारते: घरात पैसा येतो कसा? दर महिन्याला पगार होणाऱ्या घराचं उत्तर वेगळं आणि ऊस तुटून गेल्यावर बिलाची वाट बघणाऱ्या घराचं वेगळं. सांगली जिल्ह्यात तर ही दोन्ही घरं बऱ्याचदा एकाच छपराखाली असतात. एक भाऊ कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला, दुसरा पलूसला शेती बघतो, आईच्या नावावर पतसंस्थेत ठेव, वहिनींची भिशी आणि डोक्यावर विकास सोसायटीचं पीककर्ज. बहुतेक सॉफ्टवेअर पगारदार माणूस डोळ्यांपुढं ठेवून बनवलेली असतात. त्यामुळं प्ले स्टोअरवरचे तारे बघून निवड केली की थोड्याच दिवसांत नोंदी थांबतात, हे मी नात्यागोत्यात पुन्हा पुन्हा पाहिलंय.

खाली चार पर्याय शेजारी शेजारी ठेवते: बँकेचे मेसेज वाचणारी फोन ॲप, गूगल शीट, मनी मॅनेजर एक्स आणि संगणकावर जमा-नावे (क्रेडिट-डेबिट) पद्धतीनं चालणारं ग्नूकॅश. परदेशी नावाजलेल्यांपैकी वायनॅब (YNAB) हे बजेटचं ॲप वर्षाला 109 डॉलर घेतं आणि आपल्या बँकांची खाती त्याला थेट जोडता येत नाहीत, म्हणून ते बाजूला ठेवलं.

मेसेज वाचणारी ॲप

यांचं आकर्षण खरं आहे. काही लिहावं लागत नाही. बँकेचा मेसेज आला की नोंद झाली. माझा मावसभाऊ पगारदार आहे, खातं एकच आणि खर्च जवळजवळ सगळा यूपीआयवर. त्याला भडंगाच्या गाडीवरचे तीस रुपयेसुद्धा महिन्याअखेरीस दिसतात आणि त्यावरून त्यानं बाहेरचं खाणं खरोखर कमी केलं. अशा माणसाला मी दुसरं काही सुचवणार नाही.

अडचण सुरू होते ती दुसरं खातं आलं की. एका खात्यातून आपल्याच दुसऱ्या खात्यात पैसे टाकले की एकीकडं खर्च दिसतो, दुसरीकडं उत्पन्न. क्रेडिट कार्डावरची खरेदी एकदा मोजली जाते आणि बिल भरलं की तीच रक्कम पुन्हा. हे हातानं दुरुस्त करता येतं, पण ‘आपोआप’ म्हणून घेतलेल्या ॲपमध्ये दुरुस्त्या करत बसायला कुणाला आवडत नाही. रोखीचा व्यवहार तर त्याला दिसतच नाही. खुरपणीची मजुरी, शनिवारच्या बाजारातली भाजी, देवळातली देणगी, सगळं बाहेर राहतं. आईच्या पतसंस्थेचे मेसेज एका ॲपनं ओळखलेच नाहीत, त्यामुळं ती ठेव त्याच्या लेखी नव्हतीच. आयफोनवर तर कुठल्याही ॲपला मेसेज वाचू दिले जात नाहीत, त्यामुळं तिथं हा प्रकारच नाही.

आणखी एक गोष्ट बघून घ्यावी: फुकट ॲपचा खर्च निघतो कुठून? भारतात या प्रकारातलं गाजलेलं ॲप म्हणजे वॉलनट. 2018 मध्ये ते कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीनं घेतलं आणि पुढं ते ॲक्सिओ झालं. खर्च मोजणाऱ्या ॲपनं कर्जाकडं वळणं हा या धंद्यातला नेहमीचा रस्ता आहे, कारण कुणाच्या खात्यात महिन्याच्या वीस तारखेला खडखडाट असतो हे त्यांना दिसत असतं. कर्ज घेणं वाईट असं मी म्हणत नाही. पण हिशेब ठेवायला घेतलेलं ॲप रोज ‘तुम्ही पात्र आहात’ असं सांगू लागलं, तर ते काढून टाकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मेसेज न वाचता बँकेतून थेट माहिती घेणारी सोयही आता आहे, तिला अकाउंट ॲग्रिगेटर म्हणतात. रिझर्व्ह बँकेनं त्याचे नियम 2016 मध्ये काढले आणि सप्टेंबर 2021 पासून ती चालू झाली. माहिती कशासाठी आणि किती काळ द्यायची हे तुमच्या संमतीनं ठरतं आणि ती संमती मागे घेता येते. मेसेज वाचण्यापेक्षा ही पद्धत मला कितीतरी बरी वाटते. मात्र पतसंस्था सहकार कायद्याखाली चालतात, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत, म्हणून तिथली ठेव यातूनही दिसणार नाही.

ऊसबिलाची कसोटी

कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी मी त्यात एक ऊसबिल टाकून बघायला सांगते. समजा, 40 टन ऊस गेला आणि टनाला 3,100 रुपये मिळाले. बिल झालं 1,24,000. त्यातून सोसायटीच्या कर्जापोटी 60,000 वळते झाले, कारखान्याकडून उचललेल्या खताचे 8,000 कापले आणि खात्यात आले 56,000.

मेसेज वाचणाऱ्या ॲपला फक्त 56,000 दिसतात. त्याच्या हिशेबी वर्षाचं उसाचं उत्पन्न तेवढंच. साठ हजारांचं कर्ज फिटलं हे त्याला कळत नाही आणि खताचा खर्च झाला हेही नाही. शेती परवडली की नाही, या प्रश्नाचं उत्तर अशा आकड्यांवरून काढलं तर ते चुकणारच.

ग्नूकॅशमध्ये हीच नोंद एका व्यवहारात बसते. ‘स्प्लिट’वर टिचकी मारली की त्याच व्यवहाराखाली ओळी उघडतात. ऊस उत्पन्नात 1,24,000 जमा, सोसायटी कर्जाला 60,000 नावे, खताला 8,000 नावे, बँकेला 56,000 नावे. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर उरलेला फरक ते ‘इम्बॅलन्स’ नावाच्या खात्यात टाकतं, म्हणजे चूक लपून राहत नाही. आमच्या शेजारच्या काकांनी सांगलीच्या गणपती पेठेत आडत दुकानात दिवाणजी म्हणून बरीच वर्षं काढली. इंग्रजी फारसं येत नसतानाही त्यांना हा पडदा पाच मिनिटांत कळला, कारण कीर्द (रोजच्या नोंदींची वही) आणि खतावणी (खातेनिहाय वही) त्यांच्या हाताखालून गेलेली. उलट त्यांच्या पदवीधर नातवाला ‘खर्च नावे का?’ इथं अडायला झालं. ग्नूकॅशबद्दल लोकांचे अनुभव इतके टोकाचे का असतात, त्याचं कारण मला इथं दिसतं. ज्याला जमा-नावे ठाऊक आहे त्याला ते घरचं वाटतं, बाकीच्यांचे पहिले काही आठवडे जड जातात.

ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण बिल हप्त्यांनी येतं हे आपल्याला नवीन नाही. त्यासाठी ‘कारखान्याकडं येणं’ असं एक खातं उघडायचं. बिल झालं की रक्कम तिथं टाकायची, हप्ता आला की तिथून कमी करायची. पीककर्जाची मुदतही वेळापत्रकात टाकून ठेवता येते. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर राज्याच्या पंजाबराव देशमुख सवलतीतून व्याज शून्यावर येतं. तारीख चुकली तर तो लाभ जातो, म्हणून ती आठवण मला ग्नूकॅशमधल्या सगळ्या सोयींपेक्षा महत्त्वाची वाटते.

आता भिशी. बारा जणी, महिन्याला दोन हजार. वहिनींचा नंबर चौथ्या महिन्यात लागला. तोवर त्यांचे 8,000 गेले होते आणि हातात आले 24,000. हे उत्पन्न नाही. 16,000 पुढच्या आठ महिन्यांत भरायचे आहेत, म्हणजे ते देणं आहे. ग्नूकॅशमध्ये ‘भिशी’ नावाचं एकच खातं ठेवलं की शिल्लक आधी 8,000 अधिक, मग 16,000 उणे आणि शेवटी बरोबर शून्य होते. भिशीचे पैसे लागलीच सोन्यात घालून पुढं हप्त्याला ओढाताण झालेली घरं मी बघितली आहेत, तिथं हा उणे आकडा डोळ्यांसमोर हवाच होता.

ठेवींचंही असंच. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी 2020 पासून मुद्दल आणि व्याज धरून, एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंत विमा आहे. सहकारी बँकाही त्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. म्हणून मी खात्यांच्या झाडात ‘बँक ठेवी’ आणि ‘पतसंस्था ठेवी’ अशा दोन वेगळ्या फांद्या करायला सांगते. विम्याबाहेर घरचा किती पैसा आहे, ते एका ओळीत दिसतं. खात्यांची नावं देवनागरीत टाकता येतात आणि हिशेबाचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असं लावता येतं.

ग्नूकॅशच्या उणिवाही खऱ्या आहेत. चालू स्थितीतलं अधिकृत फोन ॲप नाही, त्यामुळं रोजचे खर्च कुठंतरी टिपून ठेवून रविवारी संगणकावर चढवावे लागतात. फाइलला पासवर्ड लावता येत नाही. एका वेळी दोघांना त्यात काम करता येत नाही. नोंद पक्की केल्यावर ती एका बटणानं मागं घेता येत नाही, उघडून दुरुस्त करावी लागते.

गूगल शीट

शीटबद्दल चांगले अनुभव मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळाले, तेही अशा घरांतून जिथं हिशेब दोघं-तिघं मिळून ठेवतात. पलूसचा भाऊ शेतातून डिझेलचा आकडा टाकतो, विश्रामबागेतली बहीण संध्याकाळी बघते. फोनवर गूगल फॉर्म करून ठेवला की रक्कम आणि प्रकार भरायला क्षणभर लागतो. जुनी आवृत्ती परत आणता येते, म्हणून कुणी चुकून ओळ पुसली तरी घाबरायचं कारण नाही.

हंगामी उत्पन्नाची वाटणी करायला शीट फार सोयीची. हातात आलेले 56,000 जूनमधली शाळेची फी, ठिबकची दुरुस्ती, दिवाळी, घरपट्टी अशा रकान्यांत आधीच वाटून टाकायचे आणि प्रत्येक रकान्यातून खर्च वजा करत जायचं. महिन्याचं बजेट मांडणाऱ्या ॲपमध्ये अशा घराचा एक महिना भरभरून नफ्याचा आणि बाकीचे तोट्याचे दिसतात, त्यातून काहीच कळत नाही. हीच वाटणी तयार सॉफ्टवेअरमध्ये हवी असेल तर ॲक्च्युअल बजेट आहे. 2022 पासून ते मोफत आणि खुलं आहे, पण फोनवरून वापरायला आपला सर्व्हर उभा करावा लागतो, म्हणून संगणकाची आवड असलेल्यालाच सांगेन.

शीटचा धोका सूत्रांचा. यादीच्या शेवटी ओळ वाढवली, बेरजेचा पट्टा तेवढाच राहिला आणि आकडा गुपचूप चुकला, तर कळायला मार्ग नाही. ग्नूकॅश अशा वेळी ओरडतं, शीट गप्प बसते. दर महिन्याला पासबुकातली शिल्लक शीटमधल्या शिलकीशी ताडून बघण्याची शिस्त ज्या घरात आहे तिथंच ती टिकते.

मनी मॅनेजर एक्स

हे मधल्या वाटेचं. मोफत, संगणकावर आणि अँड्रॉइडवर चालणारं, हवं तर फाइलला पासवर्ड लावता येणारं. जमा-नावेची भानगड नको, पण मेसेजही कुणाला वाचू द्यायचे नाहीत, अशा पगारदार किंवा दुकानदार घराला मी हेच सुचवते. कर्ज वळतं होऊन आलेलं ऊसबिल यात एका नोंदीत बसत नाही, वेगवेगळ्या नोंदी कराव्या लागतात. होमबँक याच जातीचं, आणखी साधं, पण ते फोनवर नाही.

टॅली येतंच, मग तेच का नको, असं कॉमर्सची मुलं विचारतात. ते धंद्यासाठी आहे आणि विकत घ्यावं लागतं. घरासाठी त्याची गरज नाही. टॅली आलेल्याला ग्नूकॅश शिकायला मात्र वेळ लागत नाही.

फाइल कुणाच्या हातात

अमेरिकेत मिंट हे लाखो लोक वापरत असलेलं ॲप मार्च 2024 मध्ये बंद झालं. मायक्रोसॉफ्ट मनीची विक्री त्याआधी 2009 मध्येच थांबली होती. नोंदी त्यांच्याकडं असतील तर आपलं जुनं वर्ष त्यांच्याबरोबर जातं. ग्नूकॅश, मनी मॅनेजर एक्स आणि होमबँक यांची फाइल तुमच्या संगणकावर राहते, शीट एक्सेलमध्ये उतरवून घेता येते. ॲप निवडताना नोंदी सीएसव्हीत (एक्सेलमध्येही उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) बाहेर काढता येतात का हे पहिल्याच दिवशी करून बघावं.

फाइल आपल्या हातात म्हणजे तिची जबाबदारीही आपली. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागात वह्या, पावत्या, संगणक सगळंच भिजलं. म्हणून एक प्रत गूगल ड्राइव्हवर आणि एक पेनड्राइव्हवर, तोही नदीकाठापासून लांब राहणाऱ्या नातेवाइकाकडं. ग्नूकॅशच्या फाइलला कुलूप नसल्यामुळं ड्राइव्हवर टाकताना ती पासवर्ड असलेल्या झिपमध्ये बांधावी.

तर एक पगार, एक खातं, सगळं यूपीआयवर असेल तर मेसेज वाचणारं ॲप चालेल. दोघं कमावते असाल आणि रोख खर्चही बराच असेल तर मनी मॅनेजर एक्स. एकत्र कुटुंब, तिघांच्या हातात फोन आणि महिन्याला ताळा बघणारं कुणीतरी असेल तर शीट. ऊस, हळद किंवा द्राक्षं, सोसायटीचं कर्ज आणि पतसंस्थेच्या ठेवी असतील तर ग्नूकॅश घ्या आणि पहिले दोन महिने धीर धरा. सुरुवात 1 एप्रिललाच करायला हवी असं नाही. पासबुकं भरून आणा, सोसायटीतून कर्जाचा उतारा घ्या, त्या दिवशीच्या शिलका टाका आणि दुसऱ्या दिवसापासून नोंदी सुरू करा. मागचं वर्ष भरून काढत बसू नका, तिथंच बहुतेकांचा उत्साह संपतो.