मेण पॉलिशची ४० ग्रॅमची काळी डबी: आठ महिन्यांनंतर

दोन काळे ऑक्सफर्ड (नाड्यांचे फॉर्मल बूट), आठवड्यातून एकदा पॉलिश, आठ महिने. अजून निम्मी डबी शिल्लक आहे, म्हणजे पैशाच्या हिशेबात तक्रार नाही. तक्रार आहे ती बूट चालताना जिथे वाकतो त्या जागेची. तिथे पांढुरक्या रेघा उमटल्या आणि खपल्या सुटू लागल्या. टर्पेंटाइनच्या ओल्या बोळ्याने पुसल्यावर खालचं कातडं शाबूत निघालं. फुटलं होतं ते वर साचलेलं मेण.

कारण सरळ आहे. अशा पॉलिशमध्ये चकाकी देणारं मुख्य मेण असतं कार्नौबा, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं. ते ८० अंशांच्या पुढे वितळतं, मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना. कार्नौबा कडक, म्हणूनच आरशासारखं चमकतं आणि म्हणूनच वाकलं की तडकतं. बुटाच्या टोकाला आणि टाचेला आतून कडक अस्तर असतं, ते भाग वाकत नाहीत. तिथे चार थर चढवा, काही बिघडत नाही. मधल्या सुरकुत्यांवर मात्र एक थरसुद्धा जास्तच. डबीवर हे कुठेही लिहिलेलं नाही. "संपूर्ण बुटावर लावा" एवढंच छापलंय, आणि याचाच मला सर्वांत जास्त राग आहे.

तिसऱ्या महिन्यात या डबीला पाचपैकी पाच दिले असते. आता मेण फक्त टोकाला आणि टाचेला, बाकी बुटाला क्रीम पॉलिश. क्रीममध्ये मेण कमी, तेल आणि रंग जास्त; ते कातड्यात मुरतं आणि घडीत साचत नाही. डबी वाईट नाही, तिला अख्ख्या बुटाचं काम देणं चूक.

सध्याचा क्रम असा. नाड्या काढायच्या. घोड्याच्या केसांच्या ब्रशने धूळ झाडायची, वेल्टच्या (वरचं कातडं आणि तळ जोडणाऱ्या कडेच्या पट्टीच्या) शिलाईतली आधी, कारण तिथली वाळू राहिली तर पुढे चोळताना ओरखडे पडतात. घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून दहा मिनिटं सुकू द्यायचं. मग हरभऱ्याएवढं क्रीम एका बुटाला पुरतं. पंधरा मिनिटांनी ब्रश, अगदी हलक्या हाताने पण भराभर. शेवटी जुन्या सुती बनियनचा तुकडा दोन बोटांना ताणून गुंडाळायचा, डबीवर नुसता टेकवायचा आणि टोकावर लहान वर्तुळात फिरवायचा. पाच मिनिटं थांबून फडक्यावर पाण्याचा एक थेंब, पुन्हा वर्तुळं. मेण पातळ, पाणी थेंबभर. धुरकट दिसलं तर मेण जास्त झालं. आणखी लावू नका, पाण्याच्या थेंबाने चोळत राहा.

खोबरेल तेलाची सवय असेल तर सोडा. तेल कातडं गडद करतं, सैल करतं, धूळ धरतं, आणि त्यावर मेण बसत नाही. जुने थर काढायला नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यातलं ॲसिटोन कातड्याची वरची झाक आणि रंग दोन्ही उचलतं.

पावसाळ्यात मेणाने एक गोष्ट खरंच चांगली केली: टोकावर पाण्याचे डाग बसले नाहीत. भिजलेल्या बुटात कोरा कागद कोंबून पंख्याखाली सुकवा, गॅसजवळ किंवा उन्हात नको. वर्तमानपत्राची शाई फिकट अस्तराला लागते.

सहाव्या महिन्यापासून डबीतलं पॉलिश कडेने सुटून त्याला भेगा पडल्या. नवी डबी घ्यायची गरज नाही. आतलं टर्पेंटाइन उडून गेलेलं असतं, एवढंच. झाकण काढून डबी कढत पाण्याच्या वाटीत ठेवा, पाणी आत जाऊ देऊ नका, मऊ पडल्यावर चमच्याच्या पाठीने दाबा, हवं तर टर्पेंटाइनचे तीन-चार थेंब घाला. विस्तवावर कधीही नाही, पेट घेतं. आणि झाकण लावताना कडेचं वाळलेलं पॉलिश पुसून घ्या, त्याच्यामुळेच ते घट्ट बसत नाही.