गुडघ्यासाठी दहा सिटिंग : सोलापुरातील एका ॲक्युपंक्चर दवाखान्याचा अनुभव

गुडघेदुखीवर बारीक सुया टोचून, म्हणजे ॲक्युपंक्चरने, उपचार करणारा हा दवाखाना एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे, इमारतीला लिफ्ट नाही आणि वर जायला बावीस पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशी मला ही थट्टाच वाटली; पुढे मात्र त्याच पायऱ्या माझ्या उपचाराचे सर्वांत विश्वासू मोजमाप ठरल्या. मी निवृत्त गणित शिक्षिका आहे आणि माझे वय ६३ आहे. उजव्या गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये मध्यम स्वरूपाची झीज दिसली, तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांनी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन कमी करणे आणि अगदी गरज भासल्यास वेदनाशामक गोळी असा सल्ला दिला होता. गोळ्यांनी माझे पित्त खवळत असे आणि व्यायामाचा मला कंटाळा होता. अशा वेळी वन्संनी, म्हणजे माझ्या नणंदेने, या दवाखान्याचे नाव सुचवले. त्यांची मान इथेच मोकळी झाली होती, असे त्यांचे म्हणणे.

प्रतीक्षाकक्षात शिरताच डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची तसबीर दिसते. सोलापुरात हे स्वाभाविक आहे, कारण ते इथलेच. परंतु तसबिरीखाली लिहिलेल्या ओळीवरून ॲक्युपंक्चर त्यांनीच भारतात आणले असा समज होतो, आणि तो खरा नाही. १९३८ साली, जपानशी युद्ध चालू असताना, चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसूही होते. कोटणीस युद्धभूमीवर शस्त्रक्रिया करीत राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच निवर्तले. सुयांची ही विद्या पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये जाऊन शिकले ते बसू, आणि तिचा प्रसार त्यांनी कलकत्त्यातून केला. तसबीर जरूर असावी, मात्र तिच्या शेजारी बसूंचीही लावली तर इतिहासाला न्याय मिळेल.

पहिल्या भेटीला जवळजवळ पाऊण तास लागला, आणि या दवाखान्याची सर्वांत जमेची बाजू मला तीच वाटली. डॉक्टरांनी दुखणे कधी सुरू झाले, पायऱ्या चढताना जास्त दुखते की उतरताना, सकाळी गुडघा किती वेळ आखडलेला असतो, झोप कशी लागते, हे सगळे विचारले. जीभ पाहिली आणि दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून नाडी पाहिली. रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का, पेसमेकर बसवला आहे का, पूर्वी सुई किंवा रक्त पाहून चक्कर आली आहे का, हे प्रश्न त्यांनी मी सांगण्याची वाट न पाहता स्वतःहून विचारले. पेसमेकर असलेल्या रुग्णाला सुयांमधून विजेचा सौम्य प्रवाह देत नाहीत, तसेच गरोदर स्त्रीच्या बाबतीत हातावरचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला बिंदू पारंपरिक नियमानुसार टाळतात, हेही त्यांनी सांगितले. एक्स-रेचा अहवाल नीट वाचून, झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचे गुळगुळीत अस्तर, सुईने भरून येणार नाही, आपण फक्त वेदनेवर काम करणार आहोत, असे त्यांनी स्पष्ट शब्दांत बजावले. त्या एका वाक्यामुळे मी तिथे थांबले.

या पद्धतीची मूळ कल्पना अशी की शरीरात ‘ची’ नावाची जीवनशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते, या मार्गांना मेरिडियन म्हणतात, आणि त्यांवरील बिंदूंवर सुई लावली की अडलेला प्रवाह मोकळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केलेल्या यादीत असे ३६१ बिंदू आहेत. डॉक्टरांनी समजावून सांगण्याच्या ओघात हे बिंदू म्हणजे आपल्याकडची मर्मेच, असे म्हटले, आणि तिथे मी मनातल्या मनात लाल शेरा मारला. सुश्रुताने सांगितलेली १०७ मर्मे ही इजा झाल्यास जिवावर बेतू शकते अशी, म्हणून शल्यवैद्याने जपायची स्थाने आहेत. मुद्दाम टोचायची नव्हेत. आपल्या परंपरेचा आधार दिला की रुग्णाला आपलेपणा वाटतो हे खरे, पण त्यासाठी अर्थ उलटा करण्याचे कारण नव्हते. मेरिडियन नावाची कोणतीही नळी किंवा तंतू शवविच्छेदनात सापडलेला नाही. आधुनिक संशोधक या परिणामाचे स्पष्टीकरण मज्जातंतूंच्या उत्तेजनातून आणि शरीरात तयार होणाऱ्या एंडॉर्फिनसारख्या वेदनाशामक द्रव्यांतून देतात, आणि मला तरी ते अधिक पटण्याजोगे वाटते.

आता प्रत्यक्ष सुईबद्दल, कारण ज्यांनी ज्यांनी माझ्याकडे चौकशी केली त्या सर्वांचा पहिला प्रश्न ‘दुखते का?’ हाच होता. सुई पाव मिलिमीटर जाडीची, भरीव आणि केसासारखी लवचीक असते. इंजेक्शनची सुई पोकळ असते आणि हिच्या जवळजवळ दुप्पट किंवा त्याहूनही जाड असते. प्लॅस्टिकच्या बारीक नळीतून सुई त्वचेवर टेकवतात आणि वरून बोटाने एक टिचकी मारतात. ही नळी सतराव्या शतकातील सुगियामा वाइची या अंध जपानी वैद्याची देणगी मानली जाते. टिचकीच्या वेळी डास चावल्याइतके जाणवते, कधी तेवढेही नाही. खरी संवेदना त्यानंतरची आहे. सुई आत सरकवून डॉक्टर ती हलकेच फिरवतात, तेव्हा त्या जागी एक जड, खोल, पसरणारा ठणका उठतो, जणू कोणी आतून अंगठ्याने दाबत आहे. चिनी वैद्य याला ‘द ची’ म्हणतात आणि सुई योग्य जागी लागल्याची ती खूण समजतात. मला ती गुडघ्याखालच्या ‘त्सु सान ली’ या बिंदूवर सर्वांत तीव्र जाणवली. हा बिंदू वाटीच्या खालच्या कडेच्या बाहेरील खळग्यापासून चार बोटे खाली आणि नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर असतो. ही बोटे वैद्याची नसून रुग्णाची धरायची असतात, म्हणजे मोजपट्टी ज्याची त्याची वेगळी, हे ऐकून माझ्यातल्या गणित शिक्षिकेला बरे वाटले.

प्रत्येक सिटिंगमध्ये आठ ते दहा सुया असत. वाटीच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत एकेक, पोटरीच्या वरच्या भागात आतून आणि बाहेरून एकेक, आणि उरलेल्या घोट्याजवळ व हातावर. चार सुयांना चिमटे लावून विजेचा अगदी सौम्य प्रवाह सोडत, त्याने स्नायू तालात फडफडे आणि मुंग्या चालल्यासारखे वाटे. वरून इन्फ्रारेड दिव्याची ऊब मिळे. असे पंचवीस मिनिटे पडून राहायचे. या वेळात मोबाइल वापरू देत नाहीत, आणि कोणाला मान्य असो वा नसो, आठवड्यातून दोनदा पंचवीस मिनिटे कोणीही आपल्याला हाक मारत नाही ही गोष्ट माझ्या वयाच्या गृहिणीसाठी औषधाहून कमी नाही. मला दोनदा झोपही लागली.

चौथ्या सिटिंगला मी एका लग्नाच्या गडबडीतून जेवण न करताच गेले होते आणि विचारल्यावर ‘थोडे खाल्ले आहे’ असे खोटे सांगितले. सुया लावून पाच मिनिटे झाली नाहीत तोच कानशिलांत घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मळमळू लागले. सहायक ताईंनी क्षणात सर्व सुया काढल्या, पायांखाली उशा ठेवल्या, गोड सरबत पाजले आणि त्या दिवशीचे पैसे घेतले नाहीत. रिकाम्या पोटी किंवा फार थकून गेल्यास असे होऊ शकते, हे मला आधी सांगितले होते. तेव्हा चूक माझीच. याखेरीज पोटरीवर एकदा रुपयाएवढा काळानिळा डाग उठला आणि तो आठवडाभर राहिला. छातीच्या किंवा खांद्याच्या भागात सुई खोल गेल्यास फुप्फुसाला इजा होण्याचा धोका क्वचित का होईना असतो, म्हणून हे काम शरीररचना नीट शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे.

स्वच्छतेत मी खोट काढू शकले नाही. सुया निर्जंतुक पाकिटातून माझ्यासमोर काढल्या जात, एकदा वापरून सुईने भोसकला न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकल्या जात, आणि लावताना व काढताना मोठ्याने मोजल्या जात. हे मोजणे मला फार आवडले. गाद्यांवरचे कागद प्रत्येक रुग्णागणिक बदलत. पडदे मात्र आखूड आहेत, आणि साडी गुडघ्याच्या वर घेऊन पडलेल्या बाईला शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांचे पाय दिसावेत, हे बरे नव्हे.

परिणामाबद्दल मी वहीत लिहून ठेवले होते, शून्य ते दहा या मोजपट्टीवर. आरंभी वेदना सहा होती. पहिल्या दोन सिटिंगांनंतर फरक शून्य. उलट एका रात्री दुखणे वाढले. पाचव्या सिटिंगनंतर चार, आणि दहाव्यानंतर तीन. दवाखान्याच्या त्या बावीस पायऱ्या पहिल्या दिवशी मी दोनदा थांबून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत चढले होते. शेवटच्या आठवड्यात न थांबता, एकाआड एक पाय टाकत चढले. मांडी घालून बसता मात्र अजूनही येत नाही. दहा सिटिंग संपून आता दोन महिने झाले आणि आकडा चारवर आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून मांडीचे व्यायाम सक्तीने करायला लावले होते आणि ते मी या वेळी खरोखर केले. या सुधारणेतला किती वाटा सुईचा, किती व्यायामाचा आणि किती त्या आपुलकीच्या विचारपुशीचा, हे समीकरण माझ्याकडून सुटलेले नाही.

हा पेच एकट्या माझा नाही. जर्मनीत गुडघ्याच्या झिजेवर हजाराहून अधिक रुग्णांची मोठी चाचणी झाली आणि २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शास्त्रोक्त बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ५३ टक्क्यांना ठरवलेल्या निकषाइतका फायदा झाला. बिंदू सोडून भलत्याच जागी वरवर सुया टोचलेल्यांपैकी ५१ टक्क्यांना. आणि डॉक्टरांच्या भेटी व वेदनाशामक गोळ्या एवढेच मिळालेल्यांपैकी २९ टक्क्यांना. सुई घेणाऱ्यांना लाभ झाला हे यातून दिसते, पण सुई नेमकी कुठे टोचली याने फारसा फरक पडला नाही, हेही दिसते. त्यानंतर जर्मनीच्या सार्वजनिक आरोग्य विम्याने गुडघा आणि कंबर या दोन दुखण्यांसाठी ॲक्युपंक्चरचा खर्च द्यायला सुरुवात केली. उलट कोणते उपचार द्यावेत याचे मार्गदर्शन करणाऱ्या इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ साली सांध्यांच्या झिजेसाठी ते देऊ नये असा निर्णय दिला, जरी अर्धशिशी रोखण्यासाठी तिने पूर्वी त्याची शिफारस केलेली आहे. जाणकारांचे दोन देशांत दोन निर्णय होत असतील, तर माझ्या तीन या आकड्याकडे मीही जरा संशयानेच पाहायला हवे.

माझी खरी नाराजी जिन्यातल्या फलकावर आहे. त्यावर मधुमेह, थायरॉइड, वंध्यत्व, पक्षाघात, टक्कल अशा तेवीस तक्रारी लिहिल्या आहेत आणि शेवटी ‘इत्यादी’ आहे. आतले डॉक्टर जितके तोलून बोलतात, तितकाच हा फलक सैल सुटलेला आहे. शेजारच्या खाटेवरचे एक काका मधुमेहाची गोळी बंद करण्याचा विचार करत होते. डॉक्टरांनी त्यांना कडक शब्दांत तसे करू नका म्हणून सांगितले, हे मी स्वतः ऐकले. मग तो फलक कोणासाठी आहे?

पैशांचे म्हणाल तर पहिल्या तपासणीचे ३०० आणि प्रत्येक सिटिंगचे ५०० रुपये पडले. स्वागतकक्षातील मुलगी पहिल्याच दिवशी दहा सिटिंगांचे ४५०० रुपये आगाऊ भरा असा आग्रह धरते. मी दर वेळी रोख दिले आणि कोणी नाराजी दाखवली नाही. नवख्या रुग्णाने निदान पहिल्या पाच सिटिंगांपर्यंत असेच करावे. भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्र लावलेले आहे का, तेही पाहावे. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ सालचा स्वतंत्र कायदा आहे आणि चिकित्सकांची नोंदणी करणारी परिषद आहे. केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये या पद्धतीला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. इथले प्रमाणपत्र दर्शनी जागी होते.

पाचपैकी मी या दवाखान्याला साडेतीन तारे देईन: डॉक्टर आणि सहायक ताईंना साडेचार, फलकाला शून्य, पडद्यांना एक. दहावी सिटिंग झाल्यावर मी पुढे काय असे विचारले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘काकू, आता थांबा. व्यायाम सोडू नका, आणि आकडा पाचच्या वर गेला तरच या.’ बाहेर येताच त्या मुलीने पुढच्या दहा सिटिंगांच्या सवलतीचे पत्रक हातात ठेवले. ते मी घडी घालून वहीत ठेवले आहे, आणि वहीतला आजचा आकडा चार आहे.