एका रुपयाची गाणी पडली २,४९६ रुपयांना

मे महिन्यात सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्यांना मान वर करायला फुरसत नसते. पूर्व भागात आमच्या चार मशिनी आहेत आणि स्पीकरला लावलेल्या पेन ड्राइव्हवर तीच अकरा भजनं. बायका वैतागल्या होत्या. तेवढ्यात मोबाइलवर जाहिरात आली : १ रुपयात ७ दिवस, हवी तेवढी गाणी डाउनलोड करा, पेन ड्राइव्हवर घ्या.

एका हातात कैची, बॉबिन संपलेली, दारात शाळेचा माणूस उभा. मी पिन टाकून मोकळी झाले.

त्या स्क्रीनवर सगळं लिहिलं होतं हो! वर ठळक १ रुपया, आणि खाली बारीक अक्षरात ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, कमाल ५,००० रुपये. मला ५,००० दिसलेसुद्धा. वाटलं, असेल काहीतरी नियम. अजून रात्री तो आकडा डोळ्यांपुढे येतो. मी अडाणी नाही, जीएसटीचं सगळं मीच बघते.

गाणी उतरली, पण पेन ड्राइव्हवर एकही जाईना. भाचा म्हणाला, मावशी, चांगल्या ॲपांतली डाउनलोड गाणीसुद्धा त्या ॲपमध्येच वाजतात, वर्गणी संपली की बंद. म्हणजे जाहिरातच खोटी. चिडून ॲप काढून टाकलं आणि विसरले. ॲप काढलं तरी ऑटोपे तसाच राहतो, हे कुणी सांगायचं?

आठव्या दिवसापासून दर आठवड्याला ४९९. पाच वेळा गेले. पैसे कापायच्या आदल्या दिवशी मेसेज यायचा, पण दिवसाला तीस मेसेज येतात, त्यात कर्जाच्या जाहिरातीच वीस. ते मेसेज वाचत जा. १५,००० पर्यंतच्या हप्त्याला पुन्हा पिन लागत नाही. दोऱ्याच्या दुकानात पैसे जाईनात, तेव्हा माझे डोळे उघडले.

बँकेत गेले. साहेब मान वर न करता म्हणाले, "पिन तुम्हीच टाकला ना?" टाकला, १ रुपयाला टाकला! "मग व्यवहार तुमच्या मंजुरीचाच." अर्ज घेतला, पोच देईनात. भांडून शिक्का घेतला. दुसऱ्या खेपेला म्हणे ॲपवाल्यांना मेल करा. मेल परत आला. पोलीस चौकीत दीड तास बाकावर बसले, तर "ताई, इथं लोकांचे लाख-लाख जातात" आणि वर हसणं. अडीच हजार म्हणजे माझ्या एका बाईचा आठवड्याचा पगार आहे, साहेब. अशा छोट्या रकमांवरच तर यांचं दुकान चालतं!

पैसे गेल्या गेल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, माझ्यासारखं महिनाभर थांबू नका. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, आत्ता उघडा. माझ्या यादीत आणखी एक निघालं, कुठल्याशा राशिभविष्याचं. दोन्ही रद्द केली. त्यालाही पिन लागतो, तो मी दोनदा चुकवला.

घरी मी ४९९ च गेले म्हणून सांगितलंय.