कागद की काच? इजिप्तच्या मंदिरांची सुरुवातीची छायाचित्रं

फ्रेंच लेखक-प्रवासी माक्सिम द्यु कां याने १८४९ ते १८५१ या काळात कागदी निगेटिव्ह (ज्यावरून चित्र छापतात ती उलट्या छायेची मूळ प्रत) वापरली. इंग्रज छायाचित्रकार फ्रान्सिस फ्रिथने १८५६ ते १८६० मधल्या तीन फेऱ्यांत काच.

कागद हलका, फुटायची भीती नाही. पण छापताना प्रकाश कागदाच्या तंतूंमधून जातो, म्हणून रेषा मऊ पडतात. अबू सिम्बेलच्या पुतळ्यांचा भव्यपणा सुरेख उतरतो, भिंतीवरची बारीक चित्रलिपी मात्र पुसट होते. तरी १८५२ मध्ये द्यु कांची १२५ चित्रं पुस्तकरूपाने विकली गेली, हे विसरू नये.

काचेवर तीच अक्षरं कोरल्यासारखी ठसठशीत येतात. त्यासाठीचे कष्ट जबर. काचेवर कलोडियन हा चिकट द्रव ओतून चारही कोपऱ्यांपर्यंत फिरवायचा, थर प्रकाशाला संवेदनशील व्हावा म्हणून काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि थर सुकण्याआधीच फोटो घेऊन डेव्हलप करायचं. कलोडियनमध्ये ईथर हा थोड्या उष्णतेनेही उकळणारा द्रव, तापलेल्या तंबूत ते ओततानाच उकळायचं, थर असमान बसायचा. ओल्या थरावर धुळीचा कण पडला, की छापील आकाशात काळा ठिपका. फ्रिथच्या मोठ्या काचा १६ × २० इंचांच्या. एवढ्या पृष्ठभागावर एकसारखा थर देणं ही खरी कारागिरी.

प्रवासाला कागद बरा. विक्रीसाठी आम्ही काचच निवडू: घरबसल्या चित्र पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला दगडाचा प्रत्येक ओरखडा दिसायला हवा.